पॉलिशचा हात बसला की आडव्या रेघा का उमटतात? सागवानी दारं आणि विनियरसाठी घासाई, पेपर आणि हातमोजे

तक्रार नेहमीची आहे. दार घासून गुळगुळीत झालेलं असतं, तळहात फिरवला तर कुठे अडत नाही, दिवसाउजेडी स्वच्छ दिसतं. सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बंद करणाऱ्या थराचा, पहिला हात बसतो आणि आडव्या फळ्यांच्या टोकांना रेघा उमटतात, मधल्या पॅनलवर स्प्रिंगसारखी बारीक वेटोळी दिसतात, सांध्यांजवळ फिके ठिपके राहतात. मग पॉलिशवाला सुताराकडे बोट दाखवतो, सुतार डब्याकडे, आणि घरमालक दुकानात जाऊन महागातला डबा आणतो. पुढच्या दारावर पुन्हा तेच.

डबा बदलून हे जात नाही. ओरखडा पडतो तिथे लाकडाचे तंतू तुटलेले असतात आणि तुटलेले तंतू सीलर किंवा स्टेन (लाकडाला चढवायचा रंग) जास्त पितात. आजूबाजूचं लाकूड जेवढं गडद होतं त्याहून ती रेघ गडद होते. कोरड्या लाकडावर धुळीमुळे हा फरक झाकलेला असतो, ओलं झालं की उघडा पडतो. म्हणजे दोष दिसतो पॉलिशमध्ये, पण पडलेला असतो त्याच्या दोन पायऱ्या आधी. म्हणून पहिली गोष्ट, दोष हात मारण्याआधीच दिसला पाहिजे.

हात मारण्याआधी दोष कसा पकडायचा

खोलीतला दिवा बंद करा. मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून, उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल असा धरा. रेघ उजेडाला आडवी असेल तरच तिची सावली पडते. उजेड आणि रेघ एकाच दिशेने असतील तर काहीच दिसत नाही. त्यामुळे टॉर्च एकदा ग्रेनच्या म्हणजे लाकडाच्या शिरांच्या दिशेने आणि एकदा आडवा, असा दोनदा फिरवायचा. आडव्या रेघा पहिल्या वेळी दिसतात आणि रंध्याच्या लांब कडा दुसऱ्या वेळी. बहुतेक जण एकदाच, तेही दाराकडून उजेड येतो त्याच बाजूने बघतात.

दुसरी परीक्षा ओली. पांढऱ्या सुती फडक्यावर थिनर किंवा एमटीओ, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन, घेऊन एक हात फिरवा. लाकूड अर्धा-एक मिनिट पॉलिश केल्यासारखं दिसतं. तेवढ्यात रेघा, ग्लूचे ठिपके, लांबीचे (पुटीचे) डाग सगळे समोर येतात. दिसले तिथे पेन्सिलीने हलका गोल करायचा, कारण सुकलं की परत सापडत नाहीत. एमटीओ लावलं असेल तर पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा, थिनर लवकर उडतं. पाण्याचा हात फिरवायचा असेल तर हे लक्षात ठेवा की पाण्याने तंतू उभे राहतात आणि सुकल्यावर २२० नंबरने परत हलकं घासावं लागतं. पाण्याचं पॉलिश लावणार असाल तर हे मुद्दाम करावं, म्हणजे तंतू आधीच उभे राहून कापले जातात.

रेघेच्या आकारावरून कारण

आडव्या, सरळ, सांध्याजवळ संपणाऱ्या रेघा: ही हाताने घासण्याच्या क्रमाची चूक आहे. पॅनलच्या दारात उभ्या फळ्यांचा ग्रेन वरून खाली असतो आणि आडव्या फळ्यांचा डावीकडून उजवीकडे. आडवी फळी घासताना पेपर दोन-तीन सेंटिमीटर उभ्या फळीवर जातोच आणि तिथे ग्रेनला आडवे ओरखडे पडतात. उभी फळी आधी घासून झाली असेल तर ते तसेच राहतात. क्रम असा ठेवा: आधी पॅनल, मग आडव्या फळ्या, शेवटी उभ्या. उभी फळी घासताना सांध्याच्या रेषेवर जाड मास्किंग टेप लावली की उलटी चूकही होत नाही. प्रत्येक नंबरला हाच क्रम, फक्त शेवटच्या नंबरला नव्हे.

स्प्रिंगसारखी वेटोळी: ही ऑर्बिटल सँडरची, म्हणजे गोल डिस्कच्या घासाई मशीनची सही. डिस्कखाली एखादा सुटा दाणा अडकला, डिस्क भुशाने भरली, किंवा मशीन लवकर उरकावं म्हणून दाबून धरलं, की ही उमटतात. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं, वरून फक्त हात ठेवायचा. वेग म्हणाल तर सेकंदाला साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे दाराची सात फूट उंची एकदा पार करायला सव्वा मिनिटाच्या वर. हे ऐकून सगळे हसतात, पण घाईघाईने चार वेळा फिरवण्यापेक्षा असं दोनदा फिरवलेलं चांगलं. मशीन लाकडावर टेकवून मग सुरू करा आणि चालू असतानाच उचला. फिरती डिस्क वरून टेकवली की पहिलं वेटोळं तिथेच पडतं. नंबर बदलताना आधीच्या डिस्कचे दाणे फळीवर राहू देऊ नका, व्हॅक्यूम किंवा कोरड्या ब्रशने झटका. १२० चा एक दाणा २२० च्या डिस्कखाली आला की सगळी मेहनत गेली.

ठरावीक अंतरावर येणाऱ्या रुंद पट्ट्या: या रंधा मशीनच्या पात्याच्या खुणा. १८० ने त्या जात नाहीत, फक्त चकचकीत होतात. ८० किंवा १०० पासूनच सुरुवात करावी लागते.

बोटांएवढ्या रुंद, उथळ खोलगट लाटा: पेपर ठोकळ्याशिवाय बोटांखाली धरून घासलेला आहे. सागवानात मऊ आणि कठीण वर्षवलयं असतात, बोटांचा दाब मऊ भागात खोल जातो. चकाकी असलेल्या पॉलिशवर हे आरशासारखं दिसतं. बुचाचा किंवा रबरी ठोकळा वापरा. ठोकळा नसेल तर फळीच्या तुकड्याला जुन्या चपलेचा रबरी तळ चिकटवला तरी भागतं.

नंबर कशाचा आणि उडी का मारायची नाही

नंबर जेवढा मोठा तेवढा दाणा बारीक, हे सगळ्यांना माहीत असतं. किती बारीक, हे बघितलं की उडी मारण्याचा मोह जातो. ८० नंबरचा दाणा साधारण ०.२ मिलिमीटर, १२० चा ०.१२५, १८० चा ०.०८ आणि २२० चा ०.०७ च्या आसपास. ८० ने पडलेल्या चरीच्या तळापर्यंत २२० चा दाणा पोचतच नाही. तो फक्त चरीच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे गुळगुळीत करतो. म्हणून हाताला लागत नाही आणि पॉलिशमध्ये दिसतं.

सागवानी घन लाकडासाठी क्रम: ८० (फक्त रंध्याच्या खुणा असतील तरच), १२०, १८०, २२०. स्टेन लावायचा असेल तर १८० किंवा २२० वर थांबा. ३२० किंवा ४०० पर्यंत गेलात तर पृष्ठभाग घासून बंद होतो, स्टेन आत शिरत नाही आणि रंग फिका, डागाळ येतो. जास्त घासलं तर चांगलं, हा समज इथे महागात पडतो. फळीची आडवी कापलेली टोकं मात्र एक नंबर वर न्या: बाकीचं १८० ला थांबवलं तर टोक २२० ला. टोकाकडून लाकूड जास्त पितं, बारीक घासल्याने ते थोडं कमी होतं आणि रंग जुळतो.

आधीच्या नंबरच्या रेघा खरंच गेल्या का, याची खूण सोपी आहे. नवीन नंबर सुरू करण्याआधी मऊ पेन्सिलीने फळीभर तिरप्या, हलक्या रेघा ओढा, टोक न रुतवता. सगळ्या पुसल्या गेल्या म्हणजे पेपर सगळीकडे लागला. कोपऱ्यात पेन्सिल उरली असेल तर तिथे पेपर पोचलाच नाही. त्यानंतर टॉर्च. पेन्सिल सांगते पेपर कुठे लागला, टॉर्च सांगतो पुरेसा लागला का. दोन्ही पाहिजेत.

आता एक भानगड, जी दुकानदार सांगत नाहीत. पेपरच्या मागे नंबराआधी ‘पी’ हे अक्षर आहे का बघा. ‘पी’वाला नंबर युरोपीय मापाचा, नुसता नंबर बहुधा अमेरिकन मापाचा. २२० पर्यंत दोन्ही जवळपास सारखे, पण पुढे फाटा फुटतो. पी ४०० हा साध्या ३२० च्या जवळचा आणि पी १२०० हा साध्या ६०० च्या जवळचा. शेवटच्या दोन हातांमध्ये एक पेपर एका जातीचा आणि दुसरा दुसऱ्या जातीचा आणला, तर ४०० नंतर ‘६००’ म्हणून घेतलेला पेपर प्रत्यक्षात अपेक्षेइतका बारीक नसतो आणि चकाकी मरते. एका कामाला एकच माप.

कोणता पेपर कशाला

तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर हा कच्च्या लाकडाचा नेहमीचा कामगार. सागवानात नैसर्गिक तेल आणि सिलिका, दोन्ही असतं. तेलामुळे पेपर भरतो आणि सिलिकेमुळे बोथट होतो. म्हणून ओपन कोट म्हणून मिळणारा पेपर मागा. त्यात दाणे विरळ लावलेले असतात, पृष्ठभागाचा साधारण ५० ते ७० टक्के भाग दाण्यांनी भरलेला, बाकी जागेतून भुसा निघून जातो. दिसायला तो कमी दाण्यांचा, म्हणून स्वस्तातला वाटतो. तसं नाही.

काळा वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा. दाणा जास्त धारदार पण ठिसूळ. पॉलिशच्या हातांमध्ये पाण्याने घासायला हाच. कच्च्या सागवानावर काळा पेपर वापरू नका. सुटलेले काळे दाणे उघड्या छिद्रांमध्ये बसतात आणि फिक्या पॉलिशखाली मिरी भुरभुरल्यासारखे दिसतात.

पांढरट, साबणासारखा लेप दिलेला पेपर स्टिअरेटचा. सीलर आणि लॅकर घासताना तो गोळ्या धरत नाही. कच्च्या लाकडासाठी तो विकत घेण्यात अर्थ नाही. त्यातच पाण्याच्या पॉलिशखाली स्टिअरेटची पूड राहिली तर पुढचा हात नीट चिकटत नाही किंवा डोळे, म्हणजे गोल खड्डे, पडतात.

पेपर कधी टाकायचा? पूर्ण शीट २३० बाय २८० मिलिमीटरचं असतं. चार तुकडे करा, पण कात्रीने नव्हे. मागच्या बाजूने घडी घालून पट्टीच्या कडेवर फाडा, कात्रीची धार जाते. सागवानावर असा एक चतकोर तीन-चार चौरस फुटांनंतर संपतो. दाणे दिसत असतात, पण बोटाने चाचपलं तर टोचत नाहीत. संपलेला पेपर कापत नाही, फक्त गरम करतो, आणि गरम झालं की सागवानाचं तेल वर येतं. पेपर वाचवण्याचा हिशेब इथेच फसतो.

पावसाळ्यात पेपरही आजारी पडतात. स्वस्त कागदी पेपरचा डिंक दमट हवेत नरम होतो, शीट गुंडाळतं आणि घासताना दाणे सुटून फळीवर लोळतात. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर पेपर झाकणाच्या डब्यात, सपाट, वर फळीचं वजन ठेवून ठेवा. गुंडाळलेलं शीट सरळ करायला मागची बाजू टेबलाच्या कडेवरून एकदा खेचा.

विनियरवर वेगळं गणित

विनियर म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. चार मिलिमीटरच्या विनियर शीटवर खरं लाकूड जेमतेम अर्धा मिली, बऱ्याचदा त्याहून कमी. ८० किंवा १०० इथे बंद. १८० ने दोन हलके हात, २२० ने एक, बस. मशीन वापरायचं असेल तर २२० आणि सगळ्यात कमी वेग. कडेला मशीन अर्धं बाहेर काढायचंच नाही. डिस्क तिरपी होते आणि कडेचा विनियर पहिल्या फेरीत उडतो. आधी रंग थोडा पिवळट-लालसर बदलतो, मग ग्रेनचा पोत अचानक संपतो. पहिल्या खुणेलाच हात थांबवा, दुसरी दिसली म्हणजे आतला प्लाय आला. त्यावर स्टेन आणि ब्रशने शिरा रंगवून लपवणं हेच उरतं आणि ते फार थोड्यांना जमतं.

फिके आणि काळे डाग

फिका, कडा स्पष्ट असलेला डाग म्हणजे वाळलेला फेविकॉल. सांध्यातून बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्याने पुसला की पातळ होऊन आजूबाजूच्या छिद्रांत शिरतो आणि तिथे स्टेन बसतच नाही. ग्लू ओला असताना पुसू नका. अर्ध्या तासाने रबरासारखा झाला की पटाशीने उचला आणि मग तिथे १२० पासून परत घासा.

लांबीचा डाग: खडूची पावडर, पिवडी, गेरू घालून केलेली लांबी कोरडी असताना लाकडाच्या रंगाशी जुळवलेली असते, म्हणून ओली झाली की चुकते. थिनर लावून ओल्या केलेल्या फळीशी, तशीच ओली लांबी जुळवा. आणि फक्त खिळ्याच्या भोकात भरा, चहूकडे फासू नका. फासलेली लांबी छिद्रांत राहते आणि तिथे ग्रेन धुकट दिसतो.

काळे, शाईसारखे ठिपके लोखंडाचे. स्टील वूलचे तुकडे छिद्रांत अडकतात आणि पावसाळी हवेत गंजून लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे पडतात. बाभळीसारख्या लाकडात हे फार, सागवानात कमी, पण होतं. उघड्या लाकडावर स्टील वूल वापरूच नका, नायलॉनचा मरून किंवा करडा पॅड घ्या. डाग पडलाच असेल तर लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, फक्त डागावर नव्हे तर पूर्ण फळीवर ब्रशने, वीस मिनिटांनी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि सावलीत दोन दिवस सुकवा. हे विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि नीट धुतल्याशिवाय त्या फळीला पेपर लावायचा नाही, कारण त्याची पूड नाकात गेली तर जाळते.

सीलर आणि त्यानंतरची घासाई

सीलरआधी सागवानाचं वरचं तेल काढा. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन पुसा, फडकं पिवळं होतं, बाजू बदलत राहा. पिवळेपणा बराच कमी झाला की थांबा आणि तासाभरात सीलर मारा. दुसऱ्या दिवशी मारायचं म्हणून आज पुसून ठेवण्यात काही अर्थ नाही, तेल परत वर येतं.

सीलर सुकला का, हे पेपरच सांगतो. ३२० ने हलका हात फिरवा. पांढरी, कोरडी पूड उडाली तर सुकला. पेपरवर गोळ्या धरल्या तर नाही. गोळ्यांसकट घासत राहिलात तर प्रत्येक गोळी एक रेघ ओढते. पुण्यात मार्चमध्ये तासाभरात होणारं काम जुलैमध्ये अर्धा दिवस घेतं. पेपर झटकून परत सुरू करण्यापेक्षा चहा पिऊन या.

दोन हातांमध्ये ३२०, शेवटच्या हाताआधी ४००. दाब एवढाच की चकाकी मोडून एकसारखं मॅट दिसेल. उरलेले चकचकीत ठिपके म्हणजे खोलगट जागा. कडा आणि कोपरे शेवटी, दोनच हात, तिथला सीलर सगळ्यात आधी निघतो. पूड काढायला चिकट टॅक कापड हलकं फिरवा, दाबलं तर त्याचा चिकटपणा फळीवर उतरतो. काँप्रेसरची हवा मारणार असाल तर आधी पांढऱ्या कागदावर मारून बघा. तेलाचे किंवा पाण्याचे ठिपके दिसले तर ती फळीवर नको.

पांढरट पडलं आणि डोळे पडले

या दोन दोषांचं खापर मात्र घासाईवर फोडू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा स्पिरिट पॉलिश पावसाळ्यात दुधासारखं पांढरट पडतं. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. पाऊस कोसळत असताना, पहाटे किंवा संध्याकाळी काम करू नका. करावंच लागलं तर थिनरमध्ये सावकाश उडणारं रिटार्डर मिसळा, प्रमाण डब्यावरचं. पांढरं पडलेल्या एनसीवर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारला तर बऱ्याचदा तो थर परत विरघळून स्वच्छ होतो. मेलामाइन पॉलिश आणि टू-पॅक पीयू (दोन डबे मिसळून लावायचं पॉलीयुरेथेन) एकदा पक्कं झालं की विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं.

डोळे, म्हणजे पॉलिश गोल खड्ड्यांसारखं सरकणं, हे तेलकटपणामुळे. सिलिकॉनचा स्प्रे, केसांचं तेल, हाताचं क्रीम किंवा पावडर असलेले हातमोजे. इथून हातमोज्यांचा विषय सुरू होतो.

हातमोजे: एका जोडीवर भागत नाही

घासताना. सागवानाची पूड अंगाला खाजते, काहींच्या मनगटांवर लाल पुरळ येतं. हाताने घासायला विणलेल्या पातळ हातमोज्यांची जोडी घ्या, तळव्यावर नायट्राइल (कृत्रिम रबर) किंवा पीयूचा लेप असलेली. पाकिटावर ईएन ३८८ या युरोपीय मानकाचं चिन्ह आणि खाली चार अंक, पुढे अक्षर असतं. पहिला अंक घासटीला टिकण्याचा, ० ते ४. इथे ३ किंवा ४ पाहिजे. दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. घासकामाला पहिल्याचंच महत्त्व, बाकीच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. माप तळव्याच्या घेराचं असतं: अंगठा सोडून तळव्याभोवती टेप गुंडाळा, ८ नंबर म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, ९ म्हणजे २३. बोटाच्या टोकाला मोकळी जागा राहिली तर पेपरखाली घडी पडते आणि तिचीही रेघ उमटते. खरंच.

टेबल सॉ, ड्रिल प्रेस, लेथ किंवा उलटा बसवलेला बेल्ट सँडर चालू असताना हातात कुठलाही मोजा नको. धागा फिरत्या भागात गेला की मोज्यासकट बोट ओढलं जातं.

थिनर आणि पॉलिश हाताळताना. पातळ लेटेक्सचे दवाखान्यातले हातमोजे एमटीओमध्ये काही मिनिटांत फुगतात. स्पिरिट पॉलिशला ते चालतात, बाकीला नाही. पातळ निळे नायट्राइल एमटीओ आणि जवसाच्या तेलाला चांगले, पण एनसी थिनरला नुसते शिंतोड्यांपुरते. त्या थिनरमध्ये बहुधा टोल्युइन, ॲसिटेट आणि कीटोन असतात. लागलं की लगेच बदला. फडकं बुडवून काम असेल तर साधारण ०.४ मिलिमीटर जाडीचे, कोपराच्या दिशेने लांब असलेले नायट्राइल घ्या. कीटोन जास्त असलेल्या थिनरला ब्यूटाइल रबरच चांगलं, पण ते महाग आणि सहज मिळत नाही.

हे पाकिटावर कसं वाचायचं? ईएन आयएसओ ३७४, म्हणजे रसायनांपासून बचावाच्या मानकाच्या चिन्हाखाली इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, प्रत्येक अक्षर एका रसायनाचं. ‘बी’ म्हणजे ॲसिटोन, ‘एफ’ म्हणजे टोल्युइन, ‘आय’ म्हणजे इथाइल ॲसिटेट, ‘जे’ म्हणजे हेप्टेन, ‘ए’ म्हणजे मिथेनॉल. थिनरसाठी ‘बी’, ‘एफ’, ‘आय’ शोधा. एमटीओसाठी ‘जे’ असलं तरी बरंच काम होतं. बरेच नायट्राइल ‘जे’ आणि ‘के’ (कॉस्टिक) वर थांबतात, आणि म्हणूनच थिनरमध्ये हरतात.

पाकीट नसेल तर घरगुती परीक्षा: मोज्याच्या एका बोटात चमचाभर थिनर ओता, स्टीलच्या वाटीवर लटकवा, दहा मिनिटं थांबा. बोट फुगलं, चिकट झालं किंवा सुरकुतलं तर तो मोजा बाद. फुगला नाही म्हणजे पूर्ण सुरक्षित असंही नाही, वाफ न दिसता आरपार जाते. सुती मोजे तर पॉलिशच्या कामात सगळ्यात वाईट. थिनर पितात आणि तासभर कातडीला लावून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात लवकर सुकतो.

कच्च्या फळीला शेवटच्या घासाईनंतर हात लावायचा तर धुतलेला आणि कोरडा, किंवा बिनपावडरीच्या मोज्यातला.

नाक आणि फडकी. लाकडाची धूळ १९९५ पासून आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, रुमालाने ती अडत नाही. घासायला एन ९५ किंवा एफएफपी२. हा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज लावलेला मास्क लागतो. पीयूचा फवारा बंद खोलीत हौशी माणसाने मारूच नये. त्यातल्या आयसोसायनेटचा वास येत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपलेलं कळत नाही. जवसाचं तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती स्वतःहून तापतात आणि पेट घेतात. अंगणात एकेक पसरून सुकवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

एका दाराला काय आणायचं

सात बाय तीन फुटांचं दार, दोन्ही बाजू ४२ चौरस फूट, कडा धरून ४५. हाताने घासायचं तर १२० ची चार शीटं, १८० ची चार, २२० ची तीन, हातांमधल्यासाठी स्टिअरेटचं ३२० ची तीन आणि ४०० ची दोन. मशीन असेल तर १२५ मिलिमीटरच्या वेल्क्रो डिस्क: १२० आणि १८० च्या पाच-पाच, २२० च्या चार, आणि भोकांची संख्या मशीनच्या पॅडशी जुळलीच पाहिजे, नाहीतर धूळ खाली अडकते आणि वेटोळी परत. विणलेले हातमोजे एक जोडी, जाड नायट्राइल एक जोडी, पातळ नायट्राइल दहा. पांढरं सुती कापड एक किलो, होजिअरी चालेल, पण रंगीत नको, थिनरने त्याचा रंग फळीवर उतरतो.

आणि रेघा आधीच पडलेल्या असतील तर

फक्त एनसी सीलर झाला असेल तर तो थिनरने भिजवलेल्या फडक्याने मऊ करून पत्र्याच्या स्क्रेपरने काढा. सुतार काचेच्या तुकड्याने तासतात, त्यानेही निघतो, पण काचेचा कोपरा रुतला तर नवीन रेघ. रात्रभर सुकू द्या, मग १२० पासून परत. मेलामाइन किंवा पीयू असेल तर स्क्रेपर किंवा १२० ची डिस्क, घन लाकूड असेल तरच. विनियरवर पक्कं झालेलं पॉलिश पूर्ण उतरवायला जाऊ नका, अर्ध्या मिलीत तेवढी जागा नसते. तिथे ४०० ने मॅट करून किंचित गडद टोनरचा (रंग मिसळलेल्या पॉलिशचा) एक हात मारा, रेघ आजूबाजूला मिसळते.

स्टेन नसेल, रेघा फक्त टॉर्च टेकवल्यावर दिसत असतील आणि चार फुटांवरून दिसत नसतील, तर दार बसवून टाका आणि बिजागऱ्यांच्या कामाला लागा.